लाइन अप आहे, तरी स्लिप का पडतात?

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डातली बँकेची शाखा साताऱ्याच्या कार्यालयाशी दोन एमबीच्या लीज्ड, म्हणजे टेलिफोन कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या लाइनने जोडली आहे. लाइन अप, म्हणजे चालू; पिंग, म्हणजे पलीकडून उत्तर येतं का ते पाहणारा संदेशही जातोय. तरी फॅक्स अर्धवट येतो आणि फोनवर मधूनच ‘टक्’ होतं. अशा वेळी आधी केबल बदलली जाते, मग मोडेम. क्लॉक, म्हणजे बिट सोडण्याचा ताल, कोण देतंय हे विचारायचं शेवटी सुचतं.

ही ई-वन लाइन, दोन एमबीच्या डिजिटल लाइनचा ठरलेला साचा. बिट गठ्ठ्यांनी जातात, एका गठ्ठ्याला फ्रेम म्हणतात. फ्रेममध्ये ३२ टाइमस्लॉट (कप्पे), प्रत्येकात ८ बिट, सेकंदाला ८००० फ्रेम. म्हणजे २०,४८,००० बिट. पाठवणाऱ्याचा आणि उचलणाऱ्याचा वेग एकच हवा. पण राउटरमधलं क्वार्ट्झचं घड्याळ थोडं पुढे-मागे पळतंच. ई-वनमध्ये दहा लाखांत ५० इतका फरक चालवून घेतात. एक टोक तेवढं जलद आणि दुसरं तेवढंच संथ असेल, तर सव्वा सेकंदात एका फ्रेमचा हिशेब चुकतो. आलेले बिट तात्पुरते साठवणारा बफर भरून वाहतो किंवा कोरडा पडतो, आणि आख्खी फ्रेम गळते किंवा दोनदा जाते. हीच स्लिप. बोलणाऱ्याला ती जाणवतेच असं नाही, फॅक्सला मात्र सोसत नाही.

दोन्हीकडे ‘क्लॉक सोर्स इंटरनल’ (राउटरचं स्वतःचं क्लॉक) ठेवलं की हे होणारच. म्हणून दोन्हीकडे ‘लाइन’ (लाइनवरून येणारं क्लॉक) करावं? मध्ये टेलिफोन कंपनी क्लॉक देत असेल तर खुशाल करा. नुसत्या तारेने राउटर जोडले असतील तर मात्र फसाल. मिरजेत दोन सतारिये तानपुरा न घेता एकमेकांवरूनच सूर लावू लागले, तर षड्ज कुठे जाईल? तसंच. तिथे एक टोक इंटरनल, दुसरं लाइन.

कंपनीच्या क्लॉकच्या मुळाशी सहसा अणुघड्याळ असतं. त्याची चूक दहा हजार कोटींत एक. अशी दोन घड्याळं विरुद्ध दिशांना सरकली तरी स्लिप पडायला सुमारे ७२ दिवस लागतात.

‘एनटीपी लावलंय की!’ असं हमखास ऐकू येतं. एनटीपीने राउटरला वाजले किती ते कळतं, लॉगवर वेळ बरोबर पडते. बिट कोणत्या वेगाने सोडायचे ते तो ठरवत नाही.

क्लॉक बदलल्यावर राउटरमधले स्लिप मोजणारे काउंटर साफ करा आणि निदान १५ मिनिटं थांबा. सिस्कोचे राउटर स्लिपची नोंद तेवढ्याच टप्प्यांनी दाखवतात. आकडा शून्यावर राहिला तर केबलवाल्याला बोलावू नका.