एसीचा कॉम्प्रेसर घरी बदलताना

पॅकार्ड कंपनीच्या १९४० च्या गाड्यांत पहिल्यांदा कारखान्यातूनच एसी बसवून मिळू लागला, पण त्याच्या कॉम्प्रेसरला, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाला, क्लच नव्हता. इंजिन चालू म्हणजे कॉम्प्रेसर चालू. हिवाळ्यात तो थांबवायचा तर बॉनेट उघडून पट्टा उतरवून ठेवावा लागे. आज हे काम बहुतेक गाड्यांत मॅग्नेटिक क्लच करतो. पुली बेल्टबरोबर सतत फिरत असते. एसीचं बटण दाबलं की पुलीमागच्या कॉइलमध्ये बारा व्होल्टचा प्रवाह जातो आणि समोरची प्लेट ‘टक्’ करून पुलीला चिकटते. एरवी दोघींमधली फट असते जेमतेम अर्धा मिलिमीटर.

आधी क्लचबद्दल बोलायचं कारण असं, की ‘कॉम्प्रेसर गेलाय, नवा टाका’ असं ज्यांना ऐकवलं जातं त्यांच्यातल्या काहींचा कॉम्प्रेसर ठणठणीत असतो. सकाळी एसी गार हवा देतो आणि तासाभराच्या प्रवासानंतर गरम हवा येऊ लागते, हे लक्षण घ्या. तांब्याची कॉइल तापली की तिचा रोध वाढतो, प्रवाह घटतो, चुंबक दुबळं पडतं. प्लेट झिजून फट वाढलेली असेल तर या दुबळ्या चुंबकाला ती ओढवत नाही. असा क्लच अनेक गाड्यांत वेगळा मिळतो. कॉम्प्रेसरचे बोल्ट ढिले करण्याआधी फ्यूज, रिले आणि ही फट तपासायला पाच-दहा मिनिटं लागतात.

क्लच न लागण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते गाडीनेच मुद्दाम केलेलं असतं. लाइनीत गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच क्लचचा प्रवाह तोडतो. काही बहाद्दर त्या स्विचला वायरचा तुकडा लावून तो ‘बायपास’ करतात आणि एसी चालू झाला म्हणून खूश होतात. कॉम्प्रेसर मारायचा याहून खात्रीचा मार्ग नाही. इंजिनाला खाली तेलाचा चेंबर असतो; गाडीच्या एसीत तसं वेगळं टाकं नसतं. कॉम्प्रेसरचे पिस्टन, सिलिंडर, बेअरिंग यांना लागणारं तेल गॅसमध्ये विरघळून त्याच्याबरोबरच फिरतं. लहान गाडीतला चारेकशे ग्रॅम गॅस जोरात चाललेल्या एसीत अर्ध्या मिनिटाच्या आत सगळी फेरी मारून परत येतो आणि येताना तेल घेऊन येतो. गॅस कमी झाला की तेलही परतत नाही आणि कोरडं अॅल्युमिनियम अॅल्युमिनियमवर घासू लागतं. म्हणजे पुष्कळदा कॉम्प्रेसर जातो तो आधी कुठेतरी असलेल्या बारीक गळतीपायी. ती गळती शोधली नाही तर नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जाणार.

कॉम्प्रेसर खरंच गेला आहे हे गॅसचा दाब मोजणाऱ्या गेजवर दिसतं. एसी चालू केल्यावर लो साइडची (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या पाइपाची) सुई खाली यायला हवी आणि हाय साइडची (कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या पाइपाची) वर चढायला हवी. क्लच लागलेला आहे, दांडा फिरतो आहे आणि तरी दोन्ही सुया एकमेकींच्या जवळपासच रेंगाळत असतील, तर आतले व्हॉल्व्ह किंवा पिस्टन गेले.

गेजबद्दल एक मोठा गैरसमज आहे. गाडी बंद असताना सुई ९५ पीएसआय दाखवते, म्हणजे गॅस भरपूर आहे, असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. गाड्यांच्या एसीत वापरला जाणारा आर-१३४ए हा वायू ३० अंश सेल्सिअसला द्रवासोबत बंदिस्त असला की त्याचा दाब सुमारे ९७ पीएसआय असतो. द्रव शंभर ग्रॅम असो की पाचशे. तो दाब तापमान सांगतो, वजन सांगत नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरचं तसंच असतं. शेवटचा थोडा द्रव उरेपर्यंत शेगडी पूर्ण ताकदीने पेटते, म्हणूनच सिलिंडर घेताना आपण तो वजनकाट्यावर ठेवायला सांगतो. गाडीत गॅस भरतानाही काटाच लागतो. ‘अंदाजाने मारतो’ म्हणणारा मेकॅनिक कितीही अनुभवी असला तरी त्याचा अंदाज त्या दिवसाच्या उन्हावर अवलंबून असतो.

आता घरी काय करायचं आणि काय नाही. जुना गॅस काढून घेण्याचं काम मी तरी घरी करणार नाही. गाडी रिकव्हरी मशीन असलेल्या गॅरेजात न्यावी, गॅस मशीनमध्ये ओढून घ्यावा आणि मग घरी आणावी. बऱ्याच ठिकाणी पिन दाबून ‘फुस्स’ करून गॅस हवेत सोडून देतात. आर-१३४ए आला तो ओझोन खाणाऱ्या आर-१२ च्या जागी, १९८७ च्या माँट्रियल करारानंतर. ओझोनला तो निरुपद्रवी आहे, पण शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो आर-१३४ए सुमारे १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. अर्धा किलो सोडला तर तो ७१५ किलो झाला. लिटरला अठरा किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी तेवढा कार्बन डायऑक्साइड सोडायला साडेपाच हजार किलोमीटर धावते. या गॅसांचा वापर उतरवत नेण्यासाठी २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली इथे माँट्रियल करारात ठरलेल्या दुरुस्तीला भारतानेही २०२१ मध्ये मान्यता दिली आहे. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड आहे, खड्ड्यात साठून श्वास कोंडू शकतो. उघड्या ज्वाळेतून गेला तर त्यातून हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू तयार होतो. पत्रा वेल्डिंगच्या किंवा विडीच्या आसपास हे काम नको.

पान्याचं काम त्या मानाने सोपं. बॅटरीची निगेटिव्ह काढायची, बेल्टच्या वाटेचा मोबाइलवर फोटो घ्यायचा, टेन्शनर ढिला करून बेल्ट उतरवायचा, क्लचचं कनेक्टर काढायचं, दोन्ही पाइपांचे बोल्ट काढून पाइपांची तोंडं लगेच बुचाने बंद करायची. मग कॉम्प्रेसरचे तीन-चार बोल्ट. बऱ्याच गाड्यांत तो खालूनच निघतो, तेव्हा गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर ठेवावी. बसवताना टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) वापरावा, कारण अॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की गेले.

जुना कॉम्प्रेसर निघाला की तो लगेच भंगारात टाकू नका. मापाच्या पेल्यात उलटा धरा आणि हाताने फिरवत राहा. बुळबुळीत, जवळपास पारदर्शक किंवा गळती शोधायच्या रंगामुळे पिवळट-हिरवं तेल आलं तर बरं. तेच तेल करडं-काळं असेल, बोटांवर चोळल्यावर चंदेरी चुरा चमकत असेल, तर दुखणं कॉम्प्रेसरपुरतं राहिलेलं नाही. तो चुरा गॅसबरोबर कंडेन्सरमध्ये, म्हणजे गॅस गार करून त्याचा द्रव करणाऱ्या गाडीच्या पुढच्या जाळीत, जाऊन बसला आहे. आजकालच्या कंडेन्सरच्या चपट्या नळ्यांमधल्या वाटा इतक्या बारीक असतात, की एक मार्ग तुंबला तर धुण्याचा द्रव शेजारच्या मोकळ्या वाटेने निघून जातो आणि चुरा जागेवरच राहतो. अशा वेळी कंडेन्सर नवा टाकावा. बारीक छिद्रातून द्रव सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्हही. खर्च वाढतो हे खरं, पण हा चुरा काही दिवसांत नव्या कॉम्प्रेसरच्या पोटात जाणार हेही तितकंच खरं.

पेल्यात किती मिलिलिटर तेल आलं ते लिहून ठेवा. नव्या कॉम्प्रेसरमध्ये अनेकदा अख्ख्या लाइनीला पुरेल एवढं तेल भरून येतं, आणि जुनं तेल कूलिंग कॉइलमध्ये नि पाइपांत आधीच असतं. दोन्ही मिळून जास्त झालं तर नळ्यांच्या आत तेलाचा थर बसतो आणि कूलिंग घटतं. साधारण रीत अशी, की जुन्यातून निघालं तेवढंच नव्यात ठेवायचं; कंपनीचा तक्ता मिळाला तर तोच प्रमाण. हे पॅग जातीचं तेल हवेतली वाफ भराभर शोषतं. डबा उघडला की लगेच बंद करायचा, आणि मागच्या वर्षीचा अर्धा उरलेला डबा वापरायचाच नाही. ड्रायरही त्याच न्यायाने नवा. त्यातले ओलावा धरून ठेवणारे दाणे उघड्या हवेत लवकर भरून जातात.

सगळं बसवून झालं की आत उरते हवा आणि तिच्यातली वाफ. हवा कंडेन्सरमध्ये द्रव होत नाही, नुसती जागा अडवते आणि दाब वाढवते. पाणी त्याहून वाईट. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रापाशी तापमान शून्याखाली गेलं की त्याचा बर्फ होतो आणि वाट बुजते. थोड्या वेळाने बर्फ वितळतो, एसी पुन्हा चालतो, पुन्हा बुजतो. उरलेलं पाणी तेल आणि गॅसबरोबर आम्ल तयार करून धातू खातं.

हे पाणी बाहेर काढतो व्हॅक्यूम पंप, आणि तोही पाणी ओढून काढत नाही, उकळवून काढतो. २५ अंशाला पाणी उकळायचं असेल तर त्याच्यावरचा दाब पाऱ्याच्या सुमारे २४ मिलिमीटरपर्यंत उतरवावा लागतो. समुद्रसपाटीला तो ७६० असतो. थंडीत, १० अंशाला, तोच ९ मिलिमीटरपर्यंत न्यावा लागतो. म्हणून व्हॅक्यूम मारायचं काम दुपारच्या उन्हात, बॉनेटखाली ऊब असताना करावं.

इथे आपल्याकडच्या वाचकांसाठी एक खास गोष्ट. गेजची सुई बाहेरच्या हवेच्या तुलनेत किती उणे ते दाखवते, आणि बाहेरची हवा सगळीकडे सारखी नाही. मुंबईत ती जवळपास ३० इंच पाऱ्याइतकी, साडेपाचशे मीटर उंचीवरच्या पुण्यात सुमारे २८, महाबळेश्वरला साडेपंचवीसच्या आसपास. पुण्यात सुई २७.५ वर थांबली तर आत अर्धा इंचच उरला, पंप पास. मुंबईत २७.५ ला थांबली तर दोन इंचांहून जास्त दाब आत शिल्लक आहे, आणि त्या दाबाला पाणी ४० अंशाच्या पुढे उकळतं. म्हणजे ते आतच राहिलं. परदेशी व्हिडिओतला ‘सुई २९ च्या पुढे गेली पाहिजे’ हा नियम पुण्यात पाळायला गेलात तर चांगला पंप परत करून याल. नेमकं हवं असेल तर आतला खरा दाब मोजणारं मायक्रॉन गेज घ्यावं.

पाऊण-एक तास पंप चालवून व्हॉल्व्ह बंद करायचे आणि अर्धा तास सुईकडे बघायचं. हलली नाही तर चांगलं लक्षण, पण गळती नसल्याचा तो पुरावा नव्हे. व्हॅक्यूममध्ये आत-बाहेरचा फरक फार तर एका वातावरणाचा, म्हणजे १५ पीएसआयपेक्षा कमी; एसी चालू असताना तोच दोनशेच्या वर जातो, तोही उलट्या दिशेने. त्यामुळे आधी कोरड्या नायट्रोजनचं प्रेशर मारून साबणाचं पाणी लावणं जास्त भरवशाचं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा त्यासाठी वापरू नये. तिच्यात ओलावा असतो, आणि आत आर-१३४ए उरला असेल तर दाबाखालच्या हवेबरोबर त्याचं मिश्रण पेट घेऊ शकतं.

नव्या कॉम्प्रेसरचा दांडा सुरू करण्याआधी हाताने आठ-दहा वेळा फिरवावा. सिलिंडरमध्ये तेल साचलेलं असलं आणि पहिल्याच फटक्यात पिस्टन त्यावर आदळला तर द्रव दबत नाही, व्हॉल्व्ह तुटतो. गॅस भरताना गॅसचा कॅन उभा धरायचा तोही याचसाठी, म्हणजे लो साइडने वायूच आत जातो. बॉनेटखालच्या स्टिकरवर वजन दिलेलं असतं. कॅन काट्यावर ठेवून तेवढंच भरायचं. अर्ध्यात कॅनवर दव जमतं, मग तो बर्फासारखा गार होतो आणि गॅस यायचा मंदावतो. उकळणारा द्रव स्वतःचीच उष्णता वापरत असतो. एसी गारवा देतो तो याच तत्त्वावर. कॅन कोमट पाण्यात ठेवावा, लायटर लावू नये. आणि इंजिन चालू असताना गेजचा लाल, हाय साइडचा व्हॉल्व्ह उघडू नये. उलटा दाब कॅनमध्ये गेला तर तो फुटतो.

स्वस्त कॅनबद्दल मी फार कडक आहे. २०११ मध्ये जहाजी वाहतुकीच्या काही शीत कंटेनरांचे स्फोट होऊन तीन कामगार दगावले. त्यांच्यात आर-१३४ए म्हणून भेसळीचा गॅस भरला होता आणि त्यात मिथाइल क्लोराइड होतं. ते कॉम्प्रेसरच्या अॅल्युमिनियमशी संयोग पावून जे रसायन बनवतं ते हवा लागताच आपोआप पेटतं. गाडीच्या कॉम्प्रेसरचं अंगही अॅल्युमिनियमचंच असतं.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर यातलं काहीच घरी करू नका. तिथला कॉम्प्रेसर नारिंगी वायरींवरून येणाऱ्या शेकडो व्होल्टवर चालतो, आणि त्याचं तेल वेगळं, वीज न वाहणारं असतं. नेहमीचं पॅग तेल थोडंसं मिसळलं तरी इन्सुलेशन ढासळतं.

सगळं जमलं की डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळीपाशी थर्मामीटर लावून बघण्याचा मोह होतो. आकडा वाचताना गावाची हवा लक्षात घ्यावी. नागपुरात मे महिन्यात ४५ अंशाला कंडेन्सरमध्ये गॅस ६०-६५ अंशाला द्रव होतो, तेव्हा हाय साइडला २३० ते २६० पीएसआय दिसणं साहजिक आहे. तेवढ्यावरून गॅस जास्त झाला म्हणून काढायला जाऊ नका. मुंबईत जुलैमध्ये तापमान तिशीच्या आसपास असतं, पण एसीची बरीच ताकद हवेतली वाफ पाणी करण्यात जाते आणि जाळीपाशी अपेक्षेइतका गारवा दिसत नाही. अशा वेळी आतली हवा फिरवायचं बटण दाबून, काचा लावून दहा मिनिटं थांबावं आणि मग मोजावं. गाडीखाली पाणी ठिबकायला लागलं असेल तर कूलिंग कॉइल काम करते आहे.