कॉमन मोड चोक निवडताना: मिलिहेन्रीच्या आकड्यावर थांबू नका

कॉमन मोड चोक म्हणजे तारांवरून येणारा नको असलेला विद्युत गोंगाट (नॉइज) अडवणारा भाग. आमच्याकडे येणारी त्याची बरीचशी मागणी एका ओळीची असते: '१० मिलिहेन्रीचा चोक पाठवा.' (मिलिहेन्री हे इंडक्टन्सचं, म्हणजे करंटच्या बदलाला विरोध करण्याच्या क्षमतेचं माप.) मग आम्हाला उलट विचारावं लागतं, की नॉइज कोणता आणि कितव्या फ्रिक्वेन्सीला? हे ठाऊक असल्याशिवाय चोक पाठवायचा म्हणजे अंदाजपंचे काम.

नॉइज दोन तऱ्हेचा असतो. एका तारेतून जाऊन दुसरीतून परत येतो तो डिफरन्शियल मोड. दोन्ही तारांतून एकाच दिशेने जातो आणि अर्थच्या वाटेने परततो तो कॉमन मोड. एसएमपीएसमधला (स्विचिंग पद्धतीच्या पॉवर सप्लायमधला) ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना शेकडो व्होल्ट नॅनोसेकंदांत वरखाली होतात आणि ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधल्या, हीटसिंकजवळच्या बारीकशा कपॅसिटन्समधून करंट अर्थकडे निसटतो. ओळखायची सोपी युक्ती: फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकत्र करंट प्रोबच्या जबड्यात घ्या. जे दिसेल ते कॉमन मोड.

चोकमध्ये एकाच कोरवर (चुंबकीय गाभ्यावर) सारख्या टर्न्सची (वेढ्यांची) दोन वाइंडिंग असतात. लोडचा जाणारा-येणारा करंट कोरमध्ये एकमेकांचं चुंबकत्व पुसून टाकतो; कॉमन मोड करंटचं मात्र एकमेकांत मिळतं, आणि त्यालाच अडथळा होतो. म्हणूनच लहानशा कोरवरही भरपूर इंडक्टन्स मिळतो. वाइंडिंगची सुरुवात दाखवणाऱ्या बिंदूच्या खुणा न पाहता एक वाइंडिंग उलटं जोडलं, तर लोडच्याच करंटने कोर सॅच्युरेट होतो (आणखी चुंबकत्व सामावू शकत नाही) आणि फिल्टर असून नसल्यासारखा.

आता तो १० मिलिहेन्री. १५० किलोहर्ट्झला कागदावर त्याचा इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) सुमारे ९.४ किलोओहम भरतो. पण जास्त टर्न्स म्हणजे टर्न्समधला कपॅसिटन्सही जास्त. स्वतःच्या रेझोनन्सच्या (इंडक्टन्स आणि या कपॅसिटन्सचा परिणाम बरोबरीचा होतो त्या फ्रिक्वेन्सीच्या) पुढे चोक कपॅसिटरसारखा वागू लागतो, आणि २० मेगाहर्ट्झच्या आसपास १ मिलिहेन्रीचा चोक त्याच्यापेक्षा सरस ठरू शकतो. यासाठी डेटाशीटमधला इम्पिडन्स-फ्रिक्वेन्सी आलेख आधी उघडा, इंडक्टन्सची ओळ नंतर.

कोरचंही तसंच. मँगनीज-झिंक फेराइट खालच्या फ्रिक्वेन्सीला, काही मेगाहर्ट्झपर्यंत उत्तम. निकेल-झिंकची पर्मिएबिलिटी (चुंबकत्व वाहून नेण्याची क्षमता) कमी, पण ते दहा-वीस मेगाहर्ट्झच्या वरही टिकतं. नॅनोक्रिस्टलाइन (अतिसूक्ष्म स्फटिकांच्या धातूचा) कोर महाग, तरी जागा कमी आणि उष्णता जास्त असेल तिथे आम्ही तोच सुचवतो: फेराइट सुमारे ०.४ टेस्लाला सॅच्युरेट होतं, हा १.२ टेस्लापर्यंत तग धरतो.

करंटचं रेटिंग आरएमएस (एसी करंटचं परिणामी मूल्य) धरून दिलेलं असतं आणि ठरावीक तापमानापर्यंतच लागू पडतं. वाइंडिंगचा रेझिस्टन्स प्रत्येकी ५० मिलिओहम असेल, तर ३ अँपिअरला ०.९ वॅट उष्णता होते. बंद डब्यात ती जाणवते.

दोन वाइंडिंग कधीच शंभर टक्के जुळत नाहीत. उरलेला लीकेज इंडक्टन्स साधारण ०.५ ते २ टक्के असतो. तो डिफरन्शियल नॉइजही थोडा अडवतो, म्हणजे फायद्याचाच. पण रेक्टिफायरच्या पुढे मोठा कपॅसिटर असेल तर करंटचे उंच शिखर येतात आणि याच लीकेजमुळे कोर सॅच्युरेट होऊ शकतो. मेन्सवर दोन वाइंडिंग अंतर राखून गुंडाळलेलाच चोक घ्या, तिथे इन्सुलेशन महत्त्वाचं. सिग्नलच्या तारांसाठी दोन्ही तारा जोडीने गुंडाळलेला घ्यावा, म्हणजे सिग्नलला धक्का लागत नाही.

चोक एकटा अपुरा पडतो; सोबत वाय कपॅसिटर (तार आणि अर्थ यांच्यामध्ये जोडायचे) लागतात. १० मिलिहेन्रीबरोबर ४.७ नॅनोफॅरडचे दोन लावले तर रेझोनन्स सुमारे १६ किलोहर्ट्झला येतो, आणि १५० किलोहर्ट्झला चांगला आधार मिळतो. कपॅसिटर वाढवत नेऊ नका: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला ४.७ नॅनोफॅरडमधून सुमारे ०.३४ मिलिअँपिअर अर्थकडे जातो, आणि त्यावर सुरक्षेच्या मर्यादा असतात.

चौकशी पाठवताना व्होल्टेज, आरएमएस करंट, शक्य असल्यास शिखर करंट, आजूबाजूचं तापमान, बोर्डवरची जागा आणि नॉइजच्या चाचणीचा आलेख जोडा. आलेख नसेल तर स्विचिंग फ्रिक्वेन्सी तरी कळवा. तिच्या पटींवरून आम्ही सुरुवात करतो.