भरतकामाच्या बॅजवर नकाशा हवा असल्यास

संघाच्या बॅजवर आपल्या प्रदेशाचा नकाशा असावा, ही मागणी आमच्याकडे नेहमी येते आणि तीत गैर काहीच नाही. मात्र सोबत बहुधा मोबाइलवरच्या नकाशाचा स्क्रीनशॉट येतो आणि तो जसाच्या तसा भरून द्यावा, अशी सूचना असते. भरतकामाच्या कामात सर्वाधिक दिवस जातात ते याच कारणाने, म्हणून हे प्रकरण थोडे सविस्तर मांडत आहोत.

इटलीचे उदाहरण घ्यावे. हा देश उत्तर-दक्षिण सुमारे 1,200 किलोमीटर पसरलेला आहे. तो 6 सेंटिमीटर उंचीच्या बॅजमध्ये बसवला, की बॅजवरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 20 किलोमीटर होतात. सिसिलीला मुख्य भूमीपासून वेगळे करणारी मेसिनाची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम 3 किलोमीटर आहे, म्हणजे बॅजवर 0.15 मिलिमीटर. भरतकामाचा नेहमीचा धागाच सुमारे 0.4 मिलिमीटर जागा व्यापतो. त्यातच टाके घट्ट बसताना आकार एका दिशेने आक्रसतो आणि दुसऱ्या दिशेने पसरतो. स्क्रीनशॉट हुबेहूब भरला, तर सिसिली मुख्य भूमीला चिकटते आणि लहान बेटे धाग्याच्या गाठींसारखी दिसू लागतात. म्हणून आम्ही सामुद्रधुनी मुद्दाम मिलिमीटरभर रुंद करतो, किनाऱ्याचे बारीक दंतुरपण काढतो आणि काही बेटे वगळतो. यावर ‘आमचा नकाशा बदलला’ अशी तक्रार येते. परंतु लहान प्रमाणाचे छापील नकाशे करणारेही हेच करतात.

काय वगळावे हे आम्ही सांगू शकतो. काय राखावे हे आपणच सांगायला हवे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर सीमेवर वर निघालेला एक छोटा कोपरा आहे. परक्या माणसाला तो रेखाटनातली चूक वाटेल, पण तो काढून टाकला तर तिथल्या माणसाला नकाशा आपला वाटणार नाही. मिनेसोटा ट्विन्स या बेसबॉल संघाने 1961 मध्ये राज्याच्या बाह्यरेषेत मिसिसिपी नदीपलीकडे हस्तांदोलन करणारे दोन खेळाडू दाखवले; ते मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांचे. त्यातली गंमत तिथल्या लोकांना सांगावी लागत नाही. तेव्हा फाइलसोबत अशा दोन-तीन खुणा लिहून पाठवाव्यात. फाइल कोरलड्रॉ किंवा व्हेक्टर (ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेल्या) पीडीएफ स्वरूपात असावी; पीडीएफमध्ये नुसता फोटो चिकटवल्याने ती व्हेक्टर होत नाही.

नकाशाच हवा का, याचाही एकदा विचार व्हावा. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याची बाह्यरेषा जवळपास आयताकृती आहे आणि छातीवर ती नुसती चौकट दिसेल. तिथल्या कोलोरॅडो रॉकीज या बेसबॉल संघाच्या लोगोत डोंगर आहेत ते उगाच नव्हे. वेस्ट इंडीजचा क्रिकेट संघ समुद्राने विभागलेल्या अनेक देशांचा असल्याने त्याच्या चिन्हात ताडाचे झाड आणि यष्टी आहेत, कोणा एका देशाचा नकाशा नाही. इंग्लंडमधील क्रिकेट संघांपैकी यॉर्कशायरचे पांढरे गुलाब आणि लँकेशायरचे लाल गुलाब टोपीवरही लांबून ओळखता येतात. आमचे मत विचाराल, तर दहापैकी आठ संघांना नकाशापेक्षा असे चिन्हच शोभेल, आणि त्याला टाकेही कमी लागतात.

सीमावाद असलेल्या भागात कोणती रेषा घ्यावी, हे आम्ही ठरवत नाही. ते लेखी द्यावे. राष्ट्रध्वज आणि राजचिन्हांना औद्योगिक संपदेविषयीच्या पॅरिस कराराच्या कलम 6 तृतीयनुसार संरक्षण असल्यामुळे, लोगोची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी करायची असल्यास त्यांचा वापर टाळणे बरे.

पंचिंगचे, म्हणजे चित्रावरून मशीनसाठी टाक्यांची फाइल तयार करण्याचे, शुल्क वेगळे का, असे विचारले जाते. वरील सर्व काम पंचिंगमध्येच होते. मशीन फक्त हुकूम पाळते. तयार फाइल आम्ही जपून ठेवतो, त्यामुळे पुढच्या हंगामात त्याच मापासाठी हे शुल्क पुन्हा लागत नाही. टोपीसाठी मात्र वेगळे पंचिंग करावे लागते, कारण छातीचा बॅज निम्मा केला की 5 मिलिमीटरची अक्षरे वाचता येत नाहीत. शिवलेला नमुना पाहून आपण सही केल्यावरच पूर्ण माल मशीनवर चढतो, आणि सहीनंतरचा बदल नवे काम धरला जातो.

प्रत्येक बेट दिसायलाच हवे असा आग्रह असल्यास नकाशा भरण्याऐवजी पाठीवर मोठ्या आकारात सब्लिमेशनने (उष्णतेने शाई कापडात उतरवण्याच्या छपाईने) छापून घ्यावा. तेही काम आमच्याकडे होते, आणि त्यासाठी पंचिंग लागत नाही.