बेडूक पावसाआधीच तयार असतो

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला आणि बेळगावच्या बळ्ळारी नाल्याकाठच्या शिवारात पाणी साचले, की त्याच रात्री येळ्ळूर-वडगावच्या बाजूने बेडकांचा गलका ऐकू येऊ लागतो. बॅटरीच्या उजेडात पाहावे, तर एरवी बांधाच्या मातीत मिसळून जाणारा इंडियन बुलफ्रॉगचा नर हळदीसारखा पिवळाधमक झालेला असतो आणि ओरडताना त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. पावसाने बेडूक जागा केला, असे आपण म्हणतो. पण ते अर्धेच खरे आहे, कारण शुक्राणू एका रात्रीत तयार होत नाहीत. त्यांची घडण कित्येक आठवडे आधीपासून चाललेली असते.

तापमान आणि दिवसाची लांबी यांतील बदल मेंदूतील हायपोथॅलॅमसला जाणवले, की तेथून जीएनआरएच हे संप्रेरक सुटते, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीला एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके रक्तात सोडायला लावते, आणि ती वृषणात पोहोचतात. माणसातही हीच साखळी आहे. बेडकाचे वेगळेपण वृषणाच्या रचनेत दिसते: एकाच वयाच्या शुक्रजनक पेशींचा पुंजका सर्टोली पेशींच्या, म्हणजे त्यांना पोसणाऱ्या पेशींच्या, वेष्टनात बंद राहून एकत्र वाढतो. शेजारच्या धारवाडला, कर्नाटक विद्यापीठात, प्रा. एस. के. सैदापूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच भागातील बेडकांच्या प्रजननचक्राचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, ही आपल्या सीमाभागाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

पेशींच्या आत काय घडते, हे इटलीतील संशोधकांनी तेथील हिरव्या बेडकात पाहिले, आणि मला तो भाग सर्वांत विलक्षण वाटतो. जनुके चालू करणारे फॉस नावाचे प्रथिन हिवाळ्यात शुक्रजनक पेशींच्या पेशीद्रवात नुसते पडून असते. वसंताच्या सुरुवातीला ते केंद्रकात शिरते आणि पेशींचे विभाजन जोर धरते. या विभाजनाला चालना देणारे एक संप्रेरक आहे एस्ट्रॅडिऑल, म्हणजे ज्याला आपण सरसकट स्त्रियांचे संप्रेरक म्हणतो तेच. नराच्या वृषणात त्याची गरज असावी, हे पहिल्यांदा वाचताना मीही थबकलो होतो.

टेस्टोस्टेरॉनचे काम मात्र उघड्या डोळ्यांना दिसते. विणीच्या काळात नराच्या पुढच्या पायाच्या अंगठ्याशी खरखरीत गादी येते आणि पुढच्या पायांचे स्नायू बळकट होतात, त्यामुळे ओली, निसरडी मादी त्याच्या मिठीतून सुटत नाही. वृषण काढून टाकले तर ही गादी झिजून जाते.

तयार शुक्राणू सर्टोली पेशींपासून सुटतात ते एलएचच्या लाटेने. अर्जेंटिनाच्या कार्लोस गाली मैनिनी यांनी 1947 मध्ये याचाच उपयोग करून घेतला: गर्भवती स्त्रीच्या लघवीत एलएचसारखेच काम करणारे एचसीजी हे संप्रेरक असते, म्हणून ती लघवी नर भेकाला (टोडला) टोचली की काही तासांतच त्याच्या मूत्रात शुक्राणू दिसत. जगभर कितीतरी स्त्रियांना आपण गरोदर असल्याचे असे एका भेकाकडून कळले.

ज्या रंगाने आणि आवाजाने नर मादीला बोलावतो, त्यानेच तो माणसालाही सापडतो. खानापूरच्या जंगलपट्टीपासून गोव्यापर्यंत पहिल्या पावसाच्या रात्री मांसासाठी बुलफ्रॉग पकडले जातात. भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात 1987 मध्ये थांबवली आणि ही शिकारही कायद्याने गुन्हा आहे. तरीही पोत्यात जाणारा प्रत्येक नर कित्येक आठवड्यांची ती तयारी पूर्ण झालेला, पण अजून उपयोगात न आलेला असतो.

पावसाचे खरे काम सर्वांत शेवटी येते. शरीरातील क्षारयुक्त द्रवात शुक्राणू निश्चल असतात. मादी अंडी सोडते, त्याच क्षणी नर त्यांवर शुक्राणू सोडतो, आणि भाताच्या खाचरातील गोड्या पाण्याचा स्पर्श झाल्याबरोबर, क्षारांचे प्रमाण एकदम घटल्यामुळे, त्यांच्या शेपट्या हलू लागतात. अंड्यापर्यंत पोहोचायला त्यांच्या हाती थोडीच मिनिटे असतात.