ओरखड्याभोवतीची लाली येते कुठून?

गुळगुळीत दगडाने चेहरा किंवा पाठ घासून घ्यायची आणि कातडी लालबुंद झाली की ‘टॉक्सिन बाहेर पडली’ म्हणायचं, हे खूळ पुण्यातल्या पार्लरांपर्यंत पोचलं आहे. त्या लालीचा विषाशी काडीचाही संबंध नाही. तिचा उलगडा सर थॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९२७ सालच्या ग्रंथातच केला आहे.

करून बघा. कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूवर पट्टीच्या बोथट कडेने जोर देऊन, पण न खरचटता, एकच रेघ ओढा. ३ ते १५ सेकंदांत रेघेवर लाल ओळ उमटते. तिथल्या केशवाहिन्या रुंदावल्या. अर्ध्या मिनिटात आजूबाजूला, जिथे पट्टी टेकलीच नव्हती तिथेही, वेडीवाकडी लाली पसरते. आणखी मिनिट-दोन मिनिटांनी काहींच्या हातावर वळ फुगतो. तो वाहिन्यांतून झिरपलेला द्रव. डिसेंबरातल्या गारठ्यात हात थंड असेल, तर वाहिन्या आक्रसलेल्या असतात, म्हणून तो आधी कोमट पाण्यात धरावा. सेट्रिझिन ही अ‍ॅलर्जीवरची गोळी घेतली असेल तर वळ दबतो. सावळ्या कातडीवर लाली खिडकीच्या उजेडातच नीट दिसते.

खरी गंमत त्या पसरणाऱ्या लालीत आहे. दाबामुळे कातडीतल्या मास्ट पेशी (या बचावाच्या पेशी) हिस्टामीन हे रसायन सोडतात. ते वेदना वाहणाऱ्या बारीक चेतातंतूच्या टोकाला उद्दीपित करतं. संदेश मज्जारज्जूकडे निघतो, पण वाटेत तंतूला फाटा असतो. तिथून तोच संदेश दुसऱ्या फांदीतून उलटा कातडीकडे येतो. त्या टोकातून सीजीआरपी आणि सबस्टन्स पी ही रसायनं सुटतात आणि शेजारच्या धमनिका, म्हणजे बारीक धमन्या, सैलावतात. मेंदू, मज्जारज्जू यांची गरजच नाही! पुरावा चोख आहे: चेता कापल्यावर लगेच रेघ ओढली तरी लाली पसरते, काही दिवसांनी कापलेला तंतू झडून गेला की पसरत नाही. कातडीत लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध टोचलं तरी ती थांबते.

काहींच्या अंगावर जरा खाजवलं तरी वळ उठतात. त्यांची दृष्ट काढत बसू नये. हा डर्मोग्राफिझम, आणि त्रास झालाच तर हिस्टामीनला रोखणाऱ्या अँटीहिस्टामीन गोळीने तो आटोक्यात येतो.

कुष्ठरोगाच्या निदानात तंतूच्या या फाट्याचा उपयोग करता येतो. संशयित चट्ट्यावर आणि निरोगी कातडीवर हिस्टामीनचा एकेक थेंब ठेवून त्यातून सुई हलकेच टोचतात. चट्ट्यातले तंतू मेलेले असतील तर दोन्हीकडे गांध उठते, पण भोवतीची लाली निरोगी बाजूलाच दिसते.