सापशिडीतलं सदतिसावं घर

मे महिन्यातली दुपार, पंखा पाचवर, आणि फरशीवर सापशिडीचा पट. पट घडीवर फाटलाय, म्हणून मागून चिकटपट्टी लावली आहे. मूळचा फासा कधीच हरवला, आता ल्युडोतला वापरतो. तोही कपाटाखाली जाऊ नये म्हणून स्टीलच्या वाटीत खुळखुळवायचा आणि वाटीतच टाकायचा, हा आजींचा नियम. खेळायला तिघी: माझ्या सासूबाई, मी आणि पाच वर्षांची लेक.

लेकीची सोंगटी सदतिसाव्या घरात होती. दान पडलं चार. तिने सोंगटीवर बोट ठेवलं आणि मोजलं, "एक," मग पुढच्या घरात "दोन," मग "तीन, चार," आणि थांबली चाळिसावर. उभी होती त्याच घराला तिने 'एक' म्हटलं होतं, त्यामुळे चाराच्या दानात ती तीनच घरं सरकली. आजी म्हणाल्या, "अगं, फसवलंस की स्वतःलाच!" आम्ही हसलो आणि डाव पुढे गेला.

ही चूक या वयाची बरीच मुलं करतात. ती नुसती सुधारून देण्यापेक्षा मोजायची रीतच बदलली तर काय होतं, याचा अभ्यास झालेला आहे, आणि माझ्या मते सापशिडीबद्दल आईबापांना सांगण्यासारखी ती सगळ्यात कामाची गोष्ट आहे.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी हे मानसशास्त्रज्ञ लहान मुलांच्या अंकज्ञानावर काम करत होते. त्यांचा प्रश्न साधा होता. गरीब घरांतली मुलं पहिलीत येतात तेव्हाच गणितात मागे असतात, ती कशामुळे? एक शक्यता अशी की, ज्या घरांत पटावरचे खेळ असतात तिथली मुलं शाळेआधीच हजारो वेळा आकड्यांवरून बोट फिरवून आलेली असतात. मग त्यांनी अगदी बाळबोध खेळ बनवला. एका ओळीत 1 ते 10 घरं, आणि फाशाऐवजी एक चकती, तिच्यावर फक्त 1 आणि 2. सरकारी बालवाड्यांतली चार-पाच वर्षांची 124 मुलं घेतली. काहींना हा आकड्यांचा पट दिला. इतरांना तसाच पट दिला, पण घरांत आकड्यांऐवजी रंग. दोन आठवड्यांत चार बैठका, प्रत्येक पंधरा-वीस मिनिटांची.

एवढ्यावर आकड्यांच्या पटावर खेळलेली मुलं मोजण्यात, अंक ओळखण्यात, दोनपैकी मोठी संख्या कोणती हे सांगण्यात आणि रेषेवर संख्येची जागा दाखवण्यात सुधारली. रंगांच्या पटावर खेळलेली सुधारली नाहीत. नऊ आठवड्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही फरक टिकून होता. 2008 साली हे प्रसिद्ध झालं. पुढे त्यांनी तोच पट गोल करून पाहिला, घड्याळाच्या तबकडीसारखा. त्याचा उपयोग सरळ पटाइतका झाला नाही.

सरळ ओळीत असं काय आहे? लहान मुलाला शून्य ते शंभर अशी रेघ काढून द्या आणि 'दहा कुठे?' असं विचारा. ते बऱ्याचदा दहाला पार तिशीच्या आसपास नेऊन ठेवतं. त्याच्या मनात एक ते दहा ऐसपैस बसलेले असतात आणि पुढचे सगळे, लोकलच्या डब्यात उभं राहावं तसे, उरलेल्या जागेत कोंबलेले. वय वाढतं, आकड्यांशी ओळख वाढते, तसं हे अंतर हळूहळू सारखं होत जातं. पटावर ते हाताला, डोळ्याला, कानाला एकदमच कळतं: मोठी संख्या म्हणजे जास्त घरं, जास्त वेळ, जास्त टकटक. गोल पटावर मात्र फिरून पुन्हा एकापाशीच येतो.

आता आपल्या सदतिसाव्या घराकडे. 2014 साली सीगलर आणि एलिडा लास्की यांनी शंभर घरांच्या पटावर एकच गोष्ट बदलून पाहिली. काही मुलांनी सोंगटी सरकवताना आमच्या लेकीसारखं 'एक, दोन, तीन' म्हणायचं. बाकीच्यांनी ज्या घरात पाऊल पडेल त्या घराचा आकडा म्हणायचा. पट तोच, खेळ तोच. शिकली ती घराचा आकडा म्हणणारी. 'एक, दोन' म्हणणाऱ्यांना तोच खेळ तेवढाच वेळ खेळूनही फारसं काही मिळालं नाही. मुलं पंचवीस वेळा सापशिडी खेळतात आणि तरी त्यांच्या डोळ्यांसमोरचा आकडा तोंडात येतच नाही, कारण मोजायला आधीचेच एक ते सहा पुरतात.

म्हणजे सदतिसावर चार पडले की म्हणायचं: "अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस." शिवाय आपण उभे आहोत त्या घराला 'एक' म्हणायची चूक आपोआप जाते. पुढच्या घराचं नाव घेतल्याशिवाय सुरुवातच होत नाही.

मराठी घरात इथे एक गंमत होते, की अडचण म्हणू? आपले आकडे वाचताना उजवीकडचा आधी बोलायचा असतो. 37 लिहिताना तीन आधी, म्हणताना 'सद' आधी. 39 ला तर नऊचं नावच नाही, 'चाळीसला एक ऊन', म्हणजे एक कमी. लेक पटावर 39 बघते आणि 'त्र्याण्णव' म्हणते. चूक तिची कमी, भाषेची जास्त. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असं आलं तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांत मुलं अडखळतात, असं कारण तेव्हा गणितज्ञ मंगला नारळीकरांनी दिलं होतं. टिंगल बरीच झाली. कारण मात्र खरं आहे: चिनी भाषेत अकराला 'दहा एक' म्हणतात, आणि चिनी मुलं अकराच्या पुढे मोजण्यात त्याच वयाच्या अमेरिकी मुलांच्या पुढे असतात, हे तपासलेलं आहे. आम्ही घरी दोन्ही म्हणतो. आजी 'एकोणचाळीस' म्हणतात, मी 'तीस नऊ' म्हणते, आणि लेक ज्याने लवकर पुढे जाता येईल ते म्हणते.

आपल्या छापील पटाची स्वतःचीही एक खोड आहे. तो शेतातल्या नांगरासारखा चालतो, एक ओळ डावीकडून, पुढची उजवीकडून. त्यामुळे 23 च्या डोक्यावर 33 येत नाही, येतो 38. दहाने वर चढावं तर आकडे ओळीत लागत नाहीत. मोठ्यांसाठी यात एक कोडं दडलंय. त्या दोन ओळींतल्या कुठल्याही वरखालच्या जोडीची बेरीज करून बघा, 61 च येते. पण पाच वर्षांच्या मुलीला ते वळण म्हणजे नुसता गोंधळ. 30 वरून 31 ला जाताना ती हमखास पुन्हा डाव्या टोकाला उडी मारते. मी प्रत्येक ओळीला पेन्सिलने बाण काढून टाकले. पट विद्रूप झाला, भांडणं कमी झाली.

आता भांडणांबद्दल. सापशिडीत अक्कल लागत नाही, आणि हाच तिचा मोठेपणा आहे. बुद्धिबळात पाच वर्षांचं मूल मोठ्यांशी बरोबरीने खेळू शकत नाही. मोठ्यांना मुद्दाम हरावं लागतं, आणि मुलाला ते कळतं. अंगणातल्या खेळात लहानग्याला 'कच्चा लिंबू' करतात: तू खेळ, पण तुझ्यावर राज्य नाही. सापशिडीत कोणीच कच्चा लिंबू नाही. सत्तरीच्या आजी आणि पाच वर्षांची नात फाशासमोर अगदी सारख्या.

सापशिडीचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट, आणि तिथला फासा म्हणजे जणू दैव. तिथे शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे, आणि शेवटी मोक्ष. वैष्णव पटांत 72 घरं, जैन पटांत 84. महाराष्ट्रात त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना द्यायची प्रथा आहे. त्या वादात मी पडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हा खेळ इंग्लंडात पोचला, तिथून रंगीत खोक्यात बसून पुन्हा आपल्याकडे आला, आणि वाटेत मोक्ष गळून 100 उरले.

फाशाला दैव म्हणा किंवा काही, त्याचं गणित मात्र पक्कं आहे. लेक विचारते, "मी त्या सापावर पडणार का?" याचं उत्तर देता येतं. फाशाचं सरासरी दान साडेतीन. म्हणजे दर सात घरांत सोंगटी साधारण दोन घरांत टेकते आणि पाच ओलांडून जाते. लांबच्या कुठल्याही सापावर पडण्याची शक्यता म्हणून सातात दोन, म्हणजे 29 टक्क्यांच्या आसपास. जवळ आलं की चित्र बदलतं. साप एका घरावर असेल तर शक्यता सहात एक, जेमतेम 17 टक्के. कारण एकचं दान पडलं नाही तर आपण पार पलीकडे जातो. सगळ्यात वाईट जागा सापाच्या बरोब्बर सहा घरं मागे. तिथून एकाच दानात सहा पडून, किंवा तीन-तीन, दोन-चार असं रखडत, कसंही तिथे पोचता येतं. ती शक्यता 36 टक्के. आमच्या पटावर शेवटचा साप 93 वर आहे, तेव्हा 87 हे अशुभ घर. लेकीला आकडेमोड सांगितली नाही, पण 87 वर आली की ती आता डोळे मिटते.

दुसरी तक्रार ल्युडोतली, तुमच्याही घरी रोज ऐकू येत असेल: "मलाच कधी सहा पडत नाही!" दहा वेळा फासा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे 16 टक्के आहे. ही कमी वाटते. पण चौघं खेळत असतील, तर चौघांपैकी निदान एकाच्या नशिबी हा दुष्काळ येण्याची शक्यता निम्म्याला पोचते. म्हणजे दर दोन डावांत एकदा घरात कोणीतरी रुसणारच. यात फाशाची लबाडी नाही. आणि दहा वेळा पडला नाही म्हणून अकराव्यांदा सहा पडण्याची घाई त्याला नसते. मागचं काही लक्षात ठेवत नाही तो.

सोंगटीही ठेवत नाही. ती 41 वर शिडी चढून आली की सापाने खाली फेकली, याने पुढच्या दानाला काही फरक पडत नाही. फक्त 'आता कुठे' एवढंच मोजायचं, 'कुठून आलो' ते सोडून द्यायचं. अशा साखळ्यांचं गणित रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं. 1913 साली त्यांनी त्यासाठी पुश्किनच्या एका काव्यातली 20,000 अक्षरं हाताने मोजली होती, स्वरापुढे स्वर किती वेळा येतो ते पाहायला. आज तेच गणित सापशिडीला लावतात. अमेरिकेत मिळणाऱ्या पटावर एका सोंगटीला शेवटपर्यंत पोचायला सरासरी 39 च्या आसपास दानं लागतात, असं त्यातून निघतं. फाशाने साथ दिली तर सातात काम होतं. जेवायच्या आधी 'एकच डाव' असं मुलांना कबूल करणाऱ्यांनी पहिला आकडा धरावा.

नियमांचंही एक सांगते. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे मुलांबरोबर गोट्या खेळत आणि नियम कोणी केले, ते बदलता येतील का, असं विचारत. 1932 च्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की लहान मुलांना नियम हे थोरामोठ्यांकडून आलेले, न बदलणारे वाटतात. आपण सगळ्यांनी ठरवलं तर बदलता येतात, हे पुढे, दहाच्या आसपास उमजतं. गंमत अशी की नियम पवित्र मानणारी हीच मुलं खेळताना ते सर्रास मोडतात. आमची लेक "सापाला नाही म्हणायचं नसतं" असं आजींना दटावते आणि स्वतःच्या वेळी सोंगटी हळूच एक घर पुढे बसवते. याला रडीचा डाव म्हणावं तर म्हणा, मला ते वयच वाटतं.

त्या दुपारी शेवट असा आला. आजींची सोंगटी 99 वर, लेकीची 95 वर, माझी कुठेतरी पन्नाशीत. शंभरला नेमकं दान पडलं तरच जायचं, जास्त पडलं तर जागेवरच थांबायचं, असा आमचा नियम. लेकीचा चेहरा पडला. आजी एकाच घरावर आहेत, जिंकल्याच, असं तिला वाटलं. मलाही आधी तसंच वाटत असे, एकदा कागदावर मांडून बघेपर्यंत. आजींना एकच हवा, म्हणजे सरासरी सहा पाळ्या. लेकीला पाच लागतील, किंवा दोन-तीन, किंवा एक-चार. वाटा जास्त, पण वाटेत रखडणंही जास्त. हिशेब केला की तीही सरासरी सहाच पाळ्या येते. मध्ये साप नसेल तर 94 पासून 99 पर्यंत कुठेही बसा, उरलेली वाट सारखीच लांब.

लेकीने वाटी खुळखुळवली. चार पडले. तिने दोन बोटांनी सोंगटी उचलली आणि एकेक घर टेकवत म्हटलं, "शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव..." इथे ती थांबली, ओठ हलले, आजींकडे पाहिलं. "नव्याण्णव!"

दोन सोंगट्या एकाच घरात दाटीवाटीने उभ्या राहिल्या. आजींनी हात पुढे केला, "आण ती वाटी इकडे."