कॉर्ड-कटिंग

कॉर्ड-कटिंग : केबल किंवा डिश कंपनीची मासिक वर्गणी बंद करून घरातला टीव्ही अँटेना आणि इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंग सेवा यांच्यावर चालवण्याची पद्धत. शब्दशः अर्थ ‘वायर कापणे’. ही पद्धत मुळात अमेरिकेतली आहे. आपल्याकडे तिचा अर्थ ‘केबल काढली, नेटफ्लिक्स घेतले’ एवढाच समजला जातो. पण तो अर्धाच आहे. अमेरिकेत आजही मोठ्या वाहिन्या हवेतून फुकट येतात आणि त्या पकडायला एक साधी अँटेना पुरते. या अर्ध्या भागाबद्दल फारसे लिहिले जात नाही, म्हणून या नोंदीत त्याला जास्त जागा दिली आहे.

केबलचा जन्मच मुळी अँटेनातून झाला. १९४८च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या महानॉय सिटी या डोंगरांनी वेढलेल्या गावात फिलाडेल्फियाचे प्रक्षेपण पोचत नसे. टीव्ही संच विकणाऱ्या जॉन वॉल्सन या दुकानदाराने डोंगरावर अँटेना उभारली आणि तिथून वायर खाली गावात आणली. चित्र दिसल्याशिवाय संच विकला जाणार नव्हता, इतके ते सरळ होते. त्याच वर्षी ओरेगनमधल्या अ‍ॅस्टोरिया गावात एड पार्सन्स यांनी हॉटेलच्या गच्चीवर अँटेना बसवून सुमारे २०० किलोमीटरवरच्या सिअ‍ॅटलचे चित्र आपल्या घरात आणले आणि मग शेजाऱ्यांनाही वायर ओढून दिली. पहिला मान कोणाचा यावर वाद आहे. पण केबल म्हणजे सुरुवातीला ‘सामुदायिक अँटेना’ होती, याबद्दल दुमत नाही. अनेक वर्षे तिचे अधिकृत नावही तेच होते.

पुढे या वायरीवरून हवेत नसलेल्या वाहिन्याही येऊ लागल्या. १९७२ मध्ये विल्क्स-बॅरी या पेनसिल्व्हेनियातल्याच गावात एचबीओ सुरू झाली, १९७५ मध्ये ती उपग्रहावर गेली. पाठोपाठ १९७९ मध्ये ईएसपीएन, १९८० मध्ये सीएनएन, १९८१ मध्ये एमटीव्ही आली. छपरांवरच्या अँटेनांच्या काड्या उतरल्या. २०१० नंतर काही वर्षे सुमारे १० कोटी अमेरिकन घरे केबलला, डिशला किंवा फोन कंपनीच्या टीव्हीला महिन्याचे पैसे भरत होती. हा कळस होता. त्यानंतर आकडा उतरत गेला.

बिल इतके का फुगले, याचे एक कारण १९९२च्या केबल कायद्यात आहे. त्या कायद्याने स्थानिक प्रक्षेपण केंद्रांना हक्क दिला की, आमचे प्रक्षेपण केबलवर दाखवायचे तर आमची संमती घ्या, आणि संमतीसाठी आम्ही पैसे मागू. सुरुवातीला ही रक्कम किरकोळ होती. नंतर ती वाढत गेली आणि केबल कंपन्या ती ‘ब्रॉडकास्ट टीव्ही फी’ अशा नावाने बिलात वेगळी दाखवू लागल्या. म्हणजे जी वाहिनी घराच्या खिडकीबाहेर हवेत फुकट तरंगते आहे, तीच वायरीतून आली म्हणून ग्राहक दर महिन्याला तिचे पैसे मोजतो. ज्या घरात कोणी खेळ पाहत नाही त्या घराच्या माथीही क्रीडावाहिन्यांचा खर्च बसतो, कारण वाहिन्या गठ्ठ्यानेच घ्याव्या लागतात. कॉर्ड-कटिंगमागचा राग समजून घ्यायचा असेल तर या दोन गोष्टी पुरेशा आहेत.

हवेतून येणाऱ्या टीव्हीचा पुनर्जन्म १२ जून २००९ रोजी झाला असे म्हणता येईल. त्या दिवसापर्यंत अमेरिकेतल्या जवळजवळ सर्व पूर्णशक्ती (म्हणजे मोठ्या ताकदीच्या) केंद्रांनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद केले. जुन्या संचांना डिजिटल डबा जोडता यावा म्हणून सरकारने प्रत्येक घराला ४० डॉलरची दोन कूपने देऊ केली होती. डिजिटल पद्धतीत ६ मेगाहर्ट्‌झच्या एका पट्ट्यात सेकंदाला सुमारे १९.४ मेगाबिट माहिती बसते. त्यामुळे एकाच केंद्राला एक हाय-डेफिनिशन वाहिनी आणि सोबत आणखी काही उपवाहिन्या दाखवता येतात : ४.१, ४.२, ४.३ अशा क्रमांकांनी. केबल कंपनीला एका वायरीत शेकडो वाहिन्या कोंबायच्या असतात, म्हणून ती चित्र आणखी दाबते. त्यामुळे अँटेनावरचे चित्र अनेकदा केबलपेक्षा स्वच्छ असते. एनबीसी, सीबीएस, एबीसी, फॉक्स आणि सार्वजनिक पीबीएस या साऱ्या वाहिन्या बहुतेक शहरांत अशा येतात. अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, सुपर बोल, हाही याच मोठ्या वाहिन्यांवर आळीपाळीने होतो.

अँटेनाचे तंत्र जुनेच आहे. छपरावरची काड्यांची अँटेना, जिला यागी म्हणतात, ती जपानमधल्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये मांडली. १९७३ पासून सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे तोंड करून पुणेकरांनी ज्या अँटेना लावल्या त्या याच कुळातल्या. अँटेनाला अ‍ॅनालॉग-डिजिटल हा फरक कळत नाही. तिला फक्त लहरीची लांबी कळते. त्यामुळे दुकानात ‘एचडी अँटेना’ म्हणून जे विकले जाते त्यात वेगळे असे काहीच नसते. तीस वर्षे गच्चीवर उभी असलेली अँटेना गंजली नसेल तर आजही चालते.

लहरीची लांबी मात्र खरोखर महत्त्वाची. अमेरिकेतली बहुतेक केंद्रे आता यूएचएफ या आखूड लहरींच्या पट्ट्यात आहेत. तिथे ५०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास लहर ६० सेंटिमीटरची आणि अँटेनाची मुख्य काडी तिच्या निम्मी, म्हणजे वीतभर-दीड वीत पुरते. खिडकीला चिकटवायची कागदासारखी चपटी अँटेना याच पट्ट्यासाठी असते. पण काही केंद्रे व्हीएचएफ या लांब लहरींच्या पट्ट्यात राहिली. फिलाडेल्फियाचे डब्ल्यूपीव्हीआय हे केंद्र २००९ मध्ये सहाव्या चॅनेलवर डिजिटल झाले. तिथली लहर साडेतीन मीटरची. अशा लहरीला चपटी पट्टी पुरत नाही. प्रेक्षकांच्या तक्रारी इतक्या आल्या की केंद्राला शक्ती वाढवण्याची परवानगी द्यावी लागली. अँटेना विकत घेण्याआधी आपल्या गावची केंद्रे कोणत्या पट्ट्यात, किती लांब आणि कोणत्या दिशेला आहेत हे पाहणे, हा यातला सर्वांत उपयोगी सल्ला आहे. टीव्हीवर दिसणारा क्रमांक यात फसवतो, कारण तो नुसता नावापुरता असतो. प्रत्यक्ष प्रक्षेपण भलत्याच चॅनेलवर चालू असू शकते.

२०१७ मध्ये संपलेल्या लिलावात यूएचएफचा वरचा भाग मोबाइल कंपन्यांना १९.८ अब्ज डॉलरना विकला गेला आणि सुमारे हजार केंद्रांना २०२० पर्यंत नव्या जागी हलवण्यात आले. त्या काळात ‘काल दिसत होते, आज गेले’ अशी अवस्था अनेक घरांत झाली. उपाय एकच असतो : टीव्हीला वाहिन्या पुन्हा शोधायला लावणे.

डिजिटल चित्राचा स्वभाव कड्यासारखा आहे. अ‍ॅनालॉग चित्र हळूहळू बिघडे; आधी सावल्या, मग मुंग्या, तरी आवाज ऐकू येत राही. डिजिटल चित्र शेवटच्या क्षणापर्यंत लखलखीत असते आणि मग एकदम चौकोनांत फुटून गोठते. मधला टप्पा जवळजवळ नाहीच. म्हणून अँटेना जितकी उंच आणि जितकी घराबाहेर, तितके चांगले. पत्र्याचे छप्पर, धातूचा मुलामा दिलेल्या काचा, विटांच्या जाड भिंती संकेत खातात. एका वायरीतून दोन टीव्हींना जोडणी दिली की संकेत अर्ध्यावर येतो. अ‍ॅम्प्लिफायर (संकेत वाढवणारे यंत्र) लावून सगळे सुटते ही समजूतही चुकीची. केंद्र जवळ असेल तर अ‍ॅम्प्लिफायरने असलेले चित्रही जाते. पृथ्वीच्या गोलाईमुळे शंभर-एकशेदहा किलोमीटरपलीकडचे चित्र नेहमीसाठी मिळेल अशी आशा धरू नये, खोक्यावर कितीही मैल छापलेले असोत. गच्चीवर ‘आलं का?’ आणि खालून ‘थोडं डावीकडे!’ हा जो संवाद महाराष्ट्रात ऐंशीच्या दशकात घराघरात झाला, तो अमेरिकेत आता पुन्हा होतो. फरक एवढाच की खालचा माणूस मुंग्या पाहत नाही, संकेताच्या जोराचा आकडा वाचतो. छपरावरच्या खांबाला अर्थिंग करणे, म्हणजे तो तारेने जमिनीशी जोडणे, आणि विजेच्या तारांपासून लांब ठेवणे ही कायद्याची अट आहे, आणि ती पाळलीच पाहिजे.

अमेरिकेत भाडेकरूंना आणि सोसायट्यांत राहणाऱ्यांना १९९६च्या एका नियमाचे संरक्षण आहे. ज्या जागेचा वापर फक्त तुमच्याकडे आहे, उदाहरणार्थ तुमची बाल्कनी, तिथे टीव्हीची अँटेना लावायला घरमालक किंवा सोसायटी मनाई करू शकत नाही. सामायिक गच्चीला मात्र हा नियम लागू नाही.

ज्यांच्याकडे अँटेना लावायला जागाच नाही त्यांच्यासाठी एक विलक्षण प्रयोग झाला. भोपाळमध्ये जन्मलेले चेत कनोजिया यांच्या एरिओ या कंपनीने २०१२ मध्ये ब्रुकलिनमध्ये नाण्याएवढ्या हजारो अँटेना एका खोलीत मांडल्या आणि प्रत्येक ग्राहकाला त्यातली एक भाड्याने दिली. चित्र इंटरनेटवरून घरी. युक्तिवाद असा की, माणसाला स्वतःची अँटेना लावायचा हक्क आहे, तर ती लांब ठेवल्याने तो हक्क जातो कसा? २५ जून २०१४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी एरिओच्या विरोधात निकाल दिला : ही सेवा केबलसारखीच आहे, तिने हक्कधारकांची संमती घ्यायला हवी. त्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे लोकास्ट नावाच्या ना-नफा संस्थेने कायद्यातल्या वेगळ्या तरतुदीचा आधार घेऊन असेच करून पाहिले. २०२१ मध्ये तीही बंद झाली. वॉल्सन आणि पार्सन्स यांनी १९४८ मध्ये जे केले तेच करू पाहणाऱ्यांना साठ-सत्तर वर्षांनी न्यायालयाने थांबवले. निकाल कायद्याच्या अक्षराला धरून असेल, पण सामान्य प्रेक्षकाच्या वाट्याचे त्यात गेले, असे या लेखकाचे मत आहे.

स्ट्रीमिंगची कथा सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. नेटफ्लिक्सने २००७ मध्ये इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केली, २००८ मध्ये हुलू ही सेवा आणि टीव्हीला जोडायचा रोकूचा पहिला डबा आला, २०१५ मध्ये स्लिंग या सेवेने केबलवरच्याच काही थेट वाहिन्या २० डॉलरला देऊ केल्या. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीनुसार जुलै २०२२ मध्ये अमेरिकेत टीव्ही पाहण्याच्या एकूण वेळेत स्ट्रीमिंगचा वाटा ३४.८ टक्के झाला आणि तो पहिल्यांदाच केबलच्या पुढे गेला. मे २०२५ मध्ये तो ४४.८ टक्के झाला, केबल आणि हवेतले प्रक्षेपण यांच्या बेरजेहून अधिक.

पण बचतीचा हिशेब जपून करावा लागतो. यूट्यूब टीव्ही २०१७ मध्ये ३५ डॉलरला सुरू झाला. जानेवारी २०२५ पासून त्याचे ८२.९९ डॉलर पडतात. ही केबलच आहे, फक्त वायर वेगळी. त्यात हायस्पीड इंटरनेटचे बिल, आणि ते बहुधा त्याच केबल कंपनीचे. खरी बचत ज्या घरांत दिसते तिथे थेट वाहिन्यांचे काम अँटेना करते आणि स्ट्रीमिंगच्या एक-दोनच सेवा एका वेळी चालू असतात. हवी ती मालिका पाहून झाली की ती सेवा बंद करून दुसरी घ्यायची. अँटेनावरचे कार्यक्रम रेकॉर्ड करायचे डबे मिळतात, त्यामुळे बातम्या आपल्या वेळेला पाहता येतात. खेळाच्या बाबतीत मात्र अडचण वाढली आहे. २०२२ पासून अमेरिकन फुटबॉलचे गुरुवारचे सामने अ‍ॅमेझॉनवर गेले. खेळणाऱ्या दोन संघांच्या गावीच ते हवेतून दिसतात. चक्रीवादळात इंटरनेट गेले तरी बॅटरीवरच्या छोट्या टीव्हीला अँटेनातून स्थानिक इशारे मिळत राहतात, ही बाब बिलात धरता येत नाही, पण किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी ती धरावी.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांना ही व्यवस्था विशेष सोयीची पडते. एडिसनहून मॅनहॅटन चाळीसेक किलोमीटरवर. वन वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि एम्पायर स्टेट बिल्डिंग या दोन्ही इमारतींवरचे मनोरे एकाच दिशेला, त्यामुळे एका अँटेनात न्यूयॉर्कच्या वाहिन्या येतात. क्रिकेटसाठी विलो ही वाहिनी इंटरनेटवरून मिळते आणि झी५ जून २०२१ मध्ये अमेरिकेत आल्यापासून मराठी मालिकांसाठी गच्चीवर वेगळी डिश लागत नाही.

महाराष्ट्रात हे जसेच्या तसे होऊ शकत नाही. दूरदर्शनने २०२२ पर्यंत आपली बहुतेक अ‍ॅनालॉग प्रक्षेपणे बंद केली आणि खासगी वाहिन्यांना भारतात जमिनीवरून प्रक्षेपण करण्याची परवानगी कधी मिळालीच नाही. केबलचे बिलही अमेरिकेच्या मानाने कमी. फेब्रुवारी २०१९च्या नियमांनुसार पहिल्या शंभर वाहिन्यांचे मूळ शुल्क १३० रुपये अधिक कर इतके ठरले. इथे अँटेनाची जागा डीडी फ्री डिशने घेतली आहे. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत डिश आणि डबा एकदा घ्यायचा, महिन्याचे काही नाही, आणि सह्याद्री वाहिनी त्यात असतेच. केबल सोडून फ्री डिश आणि मोबाइलच्या डेटावर राहणारी घरे हेच आपल्याकडचे कॉर्ड-कटिंग. एक फरक कोकणात लगेच कळतो : डिशवर येणाऱ्या आखूड लहरींना मुसळधार पाऊस अडवतो आणि ऐन आषाढात चित्र जाते, यूएचएफच्या लहरींना पावसाचे काही वाटत नाही.

अमेरिकेत सध्या वाद आहे तो हवेतल्या प्रक्षेपणाच्या पुढच्या पिढीच्या एटीएससी ३.० या मानकावर. २०१७ मध्ये त्याला ऐच्छिक मान्यता मिळाली. चित्र आणि आवाज अधिक चांगला, घरातल्या घरात संकेत पकडणे सोपे, पण जुन्या टीव्हीला ते कळत नाही. त्याहून गंभीर म्हणजे अनेक केंद्रांनी या प्रक्षेपणाला सांकेतिक कुलूप घातले आहे, त्यामुळे लोकांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या काही रेकॉर्डिंगच्या डब्यांना ते उघडता येत नाही. लहरी जनतेच्या मालकीच्या आणि केंद्रांना फक्त परवाना, हे अमेरिकन प्रसारण कायद्याचे मूळ तत्त्व आहे. कुलपाला विरोध करणारे हजारो प्रेक्षक सरकारच्या दळणवळण आयोगाकडे याच तत्त्वाच्या आधारे हरकती नोंदवत आले आहेत.